दुसरं बटण

शारजा, ऑगस्ट. खिडकीच्या काचेला बाहेरून घाम.
लांसिने कोंदे समोर बसलाय,
गळ्याला रुमाल, रुमालाखाली श्वासाचं भोक.
स्वरयंत्र काढून सव्वीस दिवस झाले.
वीस वर्षं इंडस्ट्रियल एरियात जुनी इंजिनं विकली,
पठाण मेकॅनिकांकडून हिंदी शिकला,
ती आता पाटीवर लिहून दाखवतो.

हनुवटीखाली मी यंत्र टेकवते.
ओठ त्याचे, सूर यंत्राचा.
एकच सूर, फूटपट्टीने आखलेला,
दाढीचं मशीन बोलू लागावं तसा.
"मॅडम, चाय," तो म्हणाला. वॉर्डबॉय टाळ्या वाजवत आत आला.
मी फाइलीत लिहिलं: प्रगती समाधानकारक.

मग त्याने घरी फोन लावला.
इथे अकरा, कांकानला सकाळचे सात.
नान्तेनिन तीनदा "आलो?" म्हणाली,
फोन मुलाकडे दिला.
मुलाने ठेवून दिला.

पाटी ओढून त्याने लिहिलं: बा.
शेजारी नदी काढली.
पुन्हा बा. शेजारी बकरी, शिंगांसकट.
आवाज वर ठेवला तर नदी,
खाली ठेवला तर बकरी.
सो: वर गाव, खाली घोडा.
"मी तिला सांगत होतो, गावाची आठवण येते.
तिला बहुतेक घोड्याची ऐकू आली."
हसला. आवाज नाही, फक्त खांदे हलले.

मी म्हटलं, आमच्याकडेही आहे की असं काहीतरी.
'जरा' लिहायला एकच:
जीभ दातांशी गेली तर थोडंसं,
टाळूशी गेली तर म्हातारपण.
त्याने दोन्ही करून पाहिले.
म्हातारपण पहिल्या फटक्यात जमलं.

पण खरी गोष्ट त्याने निघताना लिहिली,
दाराशी उभं राहून, वेडीवाकडी.
शब्द संपला की आवाज किंचित उतरतो.
त्या उतरण्याला अक्षर नाही, काना-मात्रा नाही.
अंधारात जिना संपला म्हणून पाऊल टाकावं
आणि खाली अजून एक पायरी निघावी, तेवढंच.
ती पायरी असेल तर ते गाव, तुझं-माझं, ठाऊक असलेलं.
नसेल तर कुठलं तरी.
"सकाळपासून मी बोलतोय, मॅडम:
कुठलं तरी गाव. कुठली तरी नदी. कुणाचा तरी मुलगा."

मला त्या रात्री आठवत राहिला माझा रजेचा अर्ज.
कारण: गावाला जायचे आहे.
कुठल्या गावाला, ऑफिसातल्या पोरीने विचारलं,
आणि मला प्रश्नच कळला नव्हता.
गावाला म्हणजे गावाला. देवरुखला.

कपाटात सापडलं मागच्या वर्षी गेलेल्या कुंजुमोनचं यंत्र,
बायकोने परत आणून दिलेलं, हिशोबात कुठेच नसलेलं.
दोन बटणं. वरचं झिजून गुळगुळीत,
खालच्यावर अजून कारखान्याची चकाकी.
मल्याळममध्ये त्याचं त्यावाचून अडलं नव्हतं.

मग पंधरा दिवस नुसता अंगठा.
इंजिनं उचलून जाड झालेला, नखात कायमचं ग्रीस.
उशीर झाला की नदीची अर्ध्यात बकरी व्हायची.
घाई झाली की दोन्ही बुडायच्या.
टेबलाखाली माझाही अंगठा हलायचा, उगीच.

रविवारी फोन. स्पीकरवर.
सो, तो म्हणाला, आणि चुकीचं बटण.
पलीकडे शांतता. मग ती काहीतरी बोलली.
त्याने पाटीवर खरडलं: विचारते, कुठला घोडा?
डोळे पुसले. रुमाल सारखा केला.
पुन्हा सो. वर.
आणि शब्द संपता संपता अंगठा घसरला, खाली,
त्या एका पायरीवर.

नान्तेनिन बोलू लागली.
मला काही कळलं नाही.
पत्र्याचं असेल, मुलाच्या शाळेचं, कुणाच्या उधारीचं;
मधे एकदा कोंबडा आरवला.
तो ऐकत होता, ओठ मिटलेले,
दुसरं बटण थोड्या थोड्या वेळाने दाबत:
हूं.
हूं.